कोपरापासून जमिनीपर्यंत

कंपनीने यादी पाठवली:
कुलूप, स्टँड, वेगळा कीबोर्ड,
पडद्यावर लावायची काळी काच, पायाखाली टेकू.
खाली एक ओळ, खर्च साडेतीन हजारांच्या आत,
सोबत बिलं आणि मांडणीचा फोटो.

टेबल म्हणजे शिलाई मशीनचं, मशीन काढून घेतलेलं.
त्यावर रोज चाळीस रिपोर्ट टाइप करते मी.
नागपूरचे डॉक्टर कानात बोलतात, घाईत, नाकातून,
आणि संध्याकाळी मनगट असं होतं
की लाटणं धरवत नाही.

नागभीडच्या दुकानात दोनच कुलपं होती,
एक चावीचं, एक आकड्यांचं.
"चावी हरवते, आकडा विसरते," दुकानदार म्हणाला,
"तुमच्याच्यानं काय जास्त होते, ते सांगा."
मी आकड्यांचं घेतलं.
जन्मतारीख साऱ्या गावाला पाठ,
घर नंबर तर दारावरच रंगवलेला.
कोणता आकडा ठेवला, ते इथे लिहीत नाही.

पोलादी तार, करंगळीएवढी जाड, दीड मीटर.
टेबलाच्या पायाला अडकवली तर मामंजी हसले:
"टेबल तं एक पोट्टं उचलून नेईन बाई.
दावं मजबूत, अन् खुटा मातीवर नुसता ठेवलेला,
अशी म्हैस कोणी बांधते काय?"
मग मधल्या खांबाला भोक पाडलं,
सागाच्या, ज्याच्यावर अख्खं छप्पर उभं आहे.
तारेला जेवढं पुरलं तिथवर टेबल सरकलं
आणि ऑफिस घराच्या मधोमध आलं.
आता पाण्याची कळशीसुद्धा मला वळसा घालून जाते.

स्टँडसाठी झिंगरूजी बुरडाकडे गेले.
मोबाईलवर फोटो दाखवला, अठराशेचा, ॲल्युमिनियमचा.
त्यांनी पाहिला नाही.
"बस," म्हणाले, "हात ठेव जसा काम करतांनी ठेवतेस."
बांबूची एक कांब माझ्या कोपराला लावली,
जमिनीपर्यंत नेली, कट्कन तोडली.
दुसरी डोळ्यापासून. तीही तोडली.
"तापते का हे?"
हो, तापतं.
"मंग हवा पायजे खालून," एवढंच बोलले.
तीन दिवसांनी सूप विणतात तशी वीण,
उतरती, आणि पुढे दोन बोटांचा आडवा काठ,
घसरू नये म्हणून.
दोनशे रुपये. बिल म्हणताच
त्यांनी मला ती तोडलेली कांब दिली.

पायाखाली पायली ठेवली, उलटी.
नावातच पाय आहे, विकत कशाला आणू?

काळ्या काचेचं मात्र कुणाला समजावता आलं नाही.
समोर बसलं तर दिसतं, बाजूने नुसता काळोख.
पर्वताबाई बोरिंगवर सांगून आल्या,
"दिवसभर बंद डब्ब्याकडे पाहत बसते हे पोरगी."
दोन दिवस लोक वाकून वाकून बघून गेले.

मग एका गुरुवारी
डॉक्टर कानात एक नाव बोलले.
वय बोलले. गाव बोलले, चुकीच्या उच्चाराने,
पण आमचंच.
मी मागे नेऊन पुन्हा ऐकलं.
तिसऱ्यांदा ऐकलं ते स्पेलिंगसाठी नव्हतं.
बोटं आपोआप चालत राहिली,
गाठीचं माप, सेंटिमीटरमध्ये.

दुपारी पर्वताबाई आल्या,
नेहमीसारख्या खांबाला टेकून बसल्या,
तारेशी चाळा करत.
पदरातून चार बोरं काढून टेबलावर ठेवली.
"नागपूरवरून अजून काही आलं नाही," म्हणाल्या,
"पोरगा म्हणे सोमवारी सांगतीन."
आणि मान वाकडी करून,
"काय दिसते गं तुले त्याच्यात?"
काही नाही, मी म्हणाले.
त्यांच्या बाजूने खरंच काही दिसत नव्हतं.
काच पडद्याला होती,
मी तोंड फिरवून बोरं मोजत बसले. चार.

काल कंपनीचं उत्तर आलं.
कुलूप मंजूर. काच मंजूर.
स्टँडचं बिल नाही, ते पैसे मिळणार नाहीत.
आणि फोटोत टेबलाखाली जी वस्तू दिसते
ती काय आहे, कळवावे.

मी लिहिलं:
धान मोजायचं माप.
सध्या रिकामं आहे.